वाल्दूची दुसरी बॅग

वाल्दू, तुझी निळी बॅग न्यायला तू शनिवारी येणार होतास. दुपारी दोनपर्यंत येतो म्हणाला होतास. फिलोने काळ्या घेवड्याची उसळ केली होती, भात केला होता, आणि तू उशीर करणार हे माहीत असूनही मला भूक लागली तरी ताट दिलं नव्हतं. सिलिकॉन ओएसिसच्या फुटबॉल टर्फवर सकाळी साडेनऊला तू गुडघ्यावर हात ठेवून वाकलास, मग खाली बसलास, आणि मग उठला नाहीस, हे आम्हाला पावणेबाराला कळलं. उसळ झाली होती. ती आम्ही खाल्ली नाही, टाकलीही नाही. फ्रीझरमध्ये आहे. माझ्या बायकोला काय करायचं ते कळलं नाही की ती वस्तू फ्रीझरमध्ये ठेवते.

मी तुझ्यावर रागावलोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण ग्रुपवर सगळे रडताहेत आणि तुला लेजंड म्हणताहेत. लेजंड! अमिरातीत एका वर्षात सात गोल, त्यातला एक कॉर्नरवरून उडालेला चेंडू तुझ्या पाठीवर आपटून गेलेला. तू मागे वळून काय झालं ते बघेपर्यंत दहा जण तुझ्या अंगावर होते. त्या गोलचा व्हिडिओ कुणाकडे नाही. कोरिया, सायप्रस, माल्टा, इराण, ओमान, आणि शेवटी आमचा हा सेकंड डिव्हिजनचा क्लब. अकरा क्लब, अकरा जर्सी, आणि एकाही गावात तू दोन वर्षं टिकला नाहीस. टिकलास ते इथे, तेही खेळायचं थांबल्यावर.

पहिल्यापासून सांगतो. तू म्हणशील, भाऊ, मला माहीत आहे. माहीत असलं तरी ऐक. तुला माहीत होतं हाच तर माझा राग आहे.

मी तेव्हा क्लबच्या कीट रूममध्ये होतो. जर्सी मोजणं, बूट पुसणं, पाण्याच्या बाटल्या भरणं. घरी वसईला मात्र सगळ्यांना मी सांगितलं होतं की फेलिक्स फुटबॉलच्या मॅनेजमेंटमध्ये आहे. फिलो आणि आमची मुलगी जेनिस नुकत्याच इथे आल्या होत्या, सहा वर्षांच्या जेनिसला कशीबशी शाळेत जागा मिळाली होती, आणि माझा व्हिसा पुढे वाढणार की नाही ते कुणी सांगत नव्हतं. अशात एक दिवस मुदीरसाहेबांनी बोलावलं. आमच्या क्लबच्या मॅनेजरला सगळे मुदीरच म्हणायचे. टेबलावर तुझ्या पासपोर्टची झेरॉक्स होती. वाल्देमिर परेरा. साहेबांनी तिच्यावर बोट ठेवलं, मग माझ्या छातीवरच्या ओळखपत्रावर बोट ठेवलं, आणि खूश होऊन म्हणाले, "तुम्हारा कझिन आ रहा है."

वसईच्या परेराचा आणि ब्राझीलच्या परेराचा संबंध एवढाच की कधीकाळी दोन्हीकडच्या माणसांना पोर्तुगिजांनी बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली धरून नावं दिली. हे मी हिंदीत कसं सांगणार होतो? मी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, पोर्तुगीज तर तुला येतच असेल, घरी बोलत असाल. तेव्हा मी तोंड मिटलं. 'नाही' म्हणायला वेळ होता, चांगला भरपूर वेळ होता. साहेबांनी तेवढ्यात चहाही मागवला. चहा पिऊन मी बाहेर पडलो तो इंटरप्रीटर होऊन. ऑफिसात खुर्ची, गळ्यात नवं ओळखपत्र. फिलोला सांगितलं तर ती पहिल्यांदा हसली आणि मग म्हणाली, "अरे, तो आला की काय करणार?" मी म्हटलं, बघू.

तू आलास. दोन बॅगा, एक काळी, एक निळी. मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही भाड्याने राहायचो त्याच व्हिलाच्या मागच्या भागात क्लबने तुला खोली दिली होती. साहेब दारात उभे होते आणि मला तुझ्याशी काहीतरी बोलायचं होतं. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात जेवढं पोर्तुगीज शिल्लक होतं तेवढंच माझ्याकडे होतं. मी किल्ली पुढे केली आणि ठासून म्हटलं, "चावी." तुझा चेहरा उजळला. मी बाथरूमकडे बोट दाखवून म्हटलं, "साबण." तू मान हलवलीस. मला धीर आला. "बटाटा," मी म्हटलं, "पाव." साहेब समाधानाने निघून गेले. तू मात्र माझ्याकडे असा बघत राहिलास की याला भूक लागली आहे की काय.

पुढचं वर्षभर मी चावी, साबण, बटाटा यांवर तुला फुटबॉलची टॅक्टिक्स समजावली. कोच अरबीत ओरडायचा, त्याचा असिस्टंट ते हिंदीत करायचा, आणि मी हातवारे करून तुला सांगायचो. तू गंभीरपणे ऐकायचास आणि मैदानात जाऊन तुझ्या मनात येईल ते करायचास. गोल झाला की कोच माझी पाठ थोपटायचा. काय सुंदर समजावलंस म्हणायचा. तू कधी चुगली केली नाहीस. मला वाटायचं, याला कळतच नाही की मला येत नाही. ब्राझीलमध्येही काही भाग असा असेल जिथे लोक माझ्यासारखं बोलतात, असं हा समजत असेल. मी इतका मूर्ख होतो की हे मला खरंच शक्य वाटत होतं.

चर्चमधली मिस्सा झाली की तू आमच्याकडे जेवायला. फिलोने तुला मला 'भाऊ' म्हणायला शिकवलं. घेवड्याची उसळ पहिल्यांदा खाल्लीस तेव्हा तू चमचा खाली ठेवून भिंतीकडे बघत बसलास आणि फिलो घाबरली की तिखट झालं. मग तू पाकिटातून आईचा फोटो काढून ताटाशेजारी ठेवलास. जाड चष्मा, हातावर टेकवलेली हनुवटी. तेव्हा कळलं, तुझ्या घरी हेच शिजतं. त्या दिवसापासून दर आठवड्याला उसळ.

निळी बॅग तू कधीच उघडली नाहीस. मी एकदा खुणेने विचारलं. तू सांगितलंस, अर्धं हाताने आणि अर्धं ड्रेसिंग रूममध्ये उचललेल्या हिंदीत, की फिरत्या खेळाडूने एकच बॅग उघडायची. दुसरी भरून ठेवायची. म्हणजे जायचं झालं तर वेळ लागत नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. आमच्या गल्फमधल्या लोकांचं उलटं, आम्ही पहिल्या दिवशी सगळं उघडतो आणि मग वीस वर्षं म्हणत राहतो की पुढच्या वर्षी परत.

आणि मग जानेवारीतली ती मीटिंग. तुझा करार संपत होता. साहेबांना आणखी एक वर्ष हवं होतं. कागद टेबलावर तयार, पेन उघडं. साहेब मला म्हणाले, "इस को पूछो, घुटना ठीक है? एक साल और खेलेगा?" मी तुझ्याकडे वळून गुडघ्यावर हात मारला, एक बोट वर केलं. आणि तू बोलायला लागलास.

पाच मिनिटं बोललास, वाल्दू. हळू, एकेक शब्द ठेवत, जणू मला सोपं जावं म्हणून. मधे थांबलास, पाकीट काढलंस आणि आईचा फोटो टेबलावर, कराराच्या कागदावर ठेवलास. तुझे डोळे भरले होते. मला एक अक्षर कळलं नाही. पण मला दिसत होतं ना! आंधळा नव्हतो मी. वर्षभर तुला ताटावर बघितलेला माणूस. मला एवढं तर दिसत होतं की हा माणूस 'खेळतो' म्हणत नाहीये.

साहेब म्हणाले, "क्या बोला?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते आज लिहून टाकतो. जेनिसचा शाळेचा युनिफॉर्म होता. तू गेलास की इंटरप्रीटर कशाला हवा? खुर्ची गेली, कीट रूममध्येही आता दुसरा मुलगा होता, म्हणजे व्हिसा गेला, म्हणजे तिघांनी वसईला परत. मी म्हटलं, "साहब, वो बोलता है, माँ के लिए एक साल और खेलेगा. घुटना एकदम फिट."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे बघितलंस. मी अंगठा वर केला. अजून मला तो अंगठा दिसतो, आणि तुला सांगतो, तो कापून टाकावासा वाटतो. तू फोटो उचललास, नीट पाकिटात ठेवलास, आणि सही केलीस.

चौथ्या मॅचमध्ये गुडघा गेला. मार्चमध्ये तू हॉस्पिटलात पाय वर टांगून पडला होतास तेव्हा तुझी आई गेली. मी शहाळं घेऊन आलो होतो. तू फोन छातीवर उलटा ठेवला होतास. मला बघून तू हिंदीत एवढंच म्हणालास, "भाऊ, माँ खलास." मी शहाळं हातात धरून उभा राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. मी नर्सला विचारलं, स्ट्रॉ आहे का.

नंतरची बारा वर्षं तू इथेच. क्लबने करार संपवला, तू सिलिकॉन ओएसिसच्या एका अकॅडमीत पोरांना शिकवायला लागलास. लहान खोली घेतलीस, निळी बॅग आमच्या स्टोअररूममध्ये टाकलीस. मी मात्र तुझ्या जिवावर ऑफिसात राहिलो, आज कार्डावर प्लेअर लायझन लिहिलेलं आहे. जेनिस तुझ्याकडे खेळायला यायची आणि खेळापेक्षा भाषा जास्त शिकली. तुम्ही दोघं आमच्या हॉलमध्ये बसून तासन्‌तास पोर्तुगीज बोलायचात आणि मी, अधिकृत इंटरप्रीटर, शेजारी बसून मान डोलवायचो. तू एकदाही हसला नाहीस. हसायला हवं होतंस रे. एकदा हसला असतास तर मी तिथेच सगळं ओकलो असतो.

दर नाताळला मी ठरवायचो की या वर्षी विचारायचं, त्या दिवशी तू नक्की काय बोललास. वाईनचा ग्लास भरून तुझ्याकडे जायचो. तू माझा चेहरा बघून आधीच म्हणायचास, "कल, भाऊ. इन्शाल्ला कल." मला वाटायचं, काय विचारणार ते याला कुठे कळलंय, हा सवयीने म्हणतोय. आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. मी परत येऊन केक खायचो.

तुझ्याशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, गुरुवारी, फोनवर. तुझ्या छातीत दुखत होतं हे जेनिसने सांगितलं होतं. मी दोनदा डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, दोन्ही वेळा तू गेला नाहीस. पोरांची प्रॅक्टिस होती म्हणे. मी म्हटलं, सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालास, शनिवारी त्या म्हाताऱ्यांच्या मॅचला जाऊ नकोस. तू म्हणालास, लास्ट मॅच. तुझी ओळख झाल्यापासून तू लास्ट मॅचच खेळत होतास. मी चिडलो आणि राग काढायला दुसरं काही सापडेना म्हणून बॅगेवर घसरलो. फिलोला स्टोअररूम हवी आहे, बारा वर्षं ती बॅग अडवून बसली आहे, घेऊन जा एकदाची. तू म्हणालास, "शनिवार आता है. खोलेगा. तेरे सामने."

फिलोने स्टोअररूम मागितली नव्हती. तेही मी रचलेलं.

तुझी कागदपत्रं व्हायला पाच दिवस लागले. तुला विमानात घालण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये प्रार्थना ठेवली. त्या दुपारी फिलो म्हणाली, बॅगही तुझ्या बहिणीला पाठवायला हवी, आत खराब होणारं काही नाही ना बघून घे. तुझ्या सामानात त्या बॅगेची चावी सापडली नाही. तुझ्यामाझ्यातला पहिला शब्द, आणि नेमकी तीच नाही. मी स्क्रूड्रायव्हरने कुलूप तोडलं.

चॉकलेटचे तीन डबे. खजूर, दगड झालेले. एक स्वेटर, बाईमाणसाचा, टॅगसकट. पाय दाबायचं मशीन, इथला प्रत्येक माणूस आईसाठी नेतो तेच. आणि वर, घडी घातलेलं, विमानाचं तिकीट. तारीख त्या मीटिंगनंतर चौथ्या दिवसाची. फक्त जाण्याचं. मी ते दोनदा वाचलं आणि मशीनचा खोका धरून खाली बसलो. फिलोने माझ्या हातातून कागद घेतला, वाचला. ती मला काहीच बोलली नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं.

संध्याकाळी हॉल भरला. अकॅडमीतल्या पोरांचे आईबाप, जुने खेळाडू, आणि मुदीरसाहेब. निवृत्त झालेत, काठी घेऊन आले, तुझ्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. समोर लॅपटॉपवर तुझी बहीण सेलिया. प्रार्थना झाली आणि ती बोलायला लागली, पोर्तुगीजमध्ये. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेबांनी घाई केली, "यल्ला, परेरा."

मी उठलो. तुझ्यासारखाच चेहरा बोलत होता, तसाच हळू, आणि मला तेरा वर्षांनी पुन्हा एक अक्षर कळत नव्हतं. मी जेनिसकडे वळलो. "बाळा, मला काही कळत नाही. तू सांग. मला कधीच येत नव्हतं."

"आय नो, डॅडी," जेनिस म्हणाली. "एव्हरीबडी नोज."

सगळ्यांना माहीत नव्हतं. साहेबांची काठी जमिनीवर एकदा वाजली. मी त्यांच्याकडे न बघता जेनिसला सांगितलं, आधी माझं एक सेलियाला सांग. मग त्या मीटिंगचं सगळं सांगितलं. फोटो, युनिफॉर्म, टाळ्या, अंगठा, दुपारी सापडलेलं तिकीट. जेनिस मधेच अडखळली, कारण युनिफॉर्म तिचा होता, आणि मग पुढे सांगत राहिली.

सेलिया ऐकत होती. मग जेनिसच्या तोंडून म्हणाली की फेलिक्सला पोर्तुगीज येत नाही हे वाल्देमिरने आम्हाला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. आई हसून हसून दमली होती, साबण आणि बटाटा ऐकून. मीटिंगच्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं होतं की आज क्लब सोडतो आणि शनिवारी घरी पोचतो. नंतर फोन आला तो सही केल्याचा. आईने विचारलं, का? तो म्हणाला, तो माणूस घामाने भिजला होता. त्याच्या मुलीला आत्ताच शाळा मिळाली आहे. मी गेलो तर तेही जातील. एक वर्षाचा तर प्रश्न आहे.

सेलियाने डोळे पुसले आणि आणखी काही म्हणाली. जेनिसने मान खाली घातली. मी म्हटलं, सांग.

"शी सेज, डोन्ट बिलीव्ह ऑल ऑफ इट, डॅडी. त्याने आयुष्यात कराराचा एकही कागद सही न करता सोडला नाही. आई रागावली नव्हती. पण सेलिया वॉज अँग्री. अंकलवर. तुमच्यावर पण. शी स्टिल इज."

मी म्हटलं, बरोबर आहे, सांग तिला.

लोक उठायला लागल्यावर साहेब काठी टेकत माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता ओरडतील. ते अगदी हळू म्हणाले, "तेरा साल, परेरा. मेरे को बोलता, तो मैं उस को जाने देता. माँ का मामला था." आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. "तेरे को भी रखता. जर्सी कौन गिनता? वो लड़का रोज़ दो कम गिनता था."

तर असं आहे, वाल्दू. आपण दोघं एका खोलीत बसून, एकमेकांना वाचवत, एका बाईला तिच्या मुलापासून दूर ठेवून बसलो, आणि तिसरा माणूस दार उघडायला तयार होता. कुणीतरी एकाने, कुठल्याही भाषेत, एक वाक्य बोलायचं होतं. मी भित्रा, हे ठीक. पण तुला तर बोलता येत होतं. नंतर हिंदीही आली, मराठीसुद्धा फिलोला शिव्या देण्याइतकी आली. बारा नाताळ तू माझा ग्लास घेऊन 'कल' म्हणालास. मला त्रास होऊ नये म्हणून? की मी आणखी थोडं जळावं म्हणून? की तुला खरंच आणखी एक वर्ष खेळायचं होतं आणि माझं खोटं तुला सोयीचं पडलं? सेलिया म्हणते तेही खरं असेल, तू आईला सांगितलंस तेही. किती कुठलं, ते शनिवारी तू सांगणार होतास. माझी खात्री आहे, सांगणार होतास. आणि त्याऐवजी तू लास्ट मॅचला गेलास.

तुझे आभार मानायचे आहेत, पण तोंडातून पहिल्यांदा शिवीच येते. जेनिस या वर्षी इथल्या कॉलेजात आहे. तो युनिफॉर्म फिलोने जपून ठेवला आहे, कुठे ते मी विचारलेलं नाही. फ्रीझरमध्ये नसावा.

आज बॅग कार्गोला दिली. खजूर काढून टाकले. चॉकलेटं सेलियाने मागितली, खायची नाहीत, नुसती हवीत म्हणाली. मशीन लावून बघितलं, चालतं. मी स्वेटर परत तशीच घडी करून ठेवला, तिकीट वर ठेवलं, आणि बॅगेला नवं कुलूप घालून चावी वेगळ्या पाकिटात टाकली.

काउंटरवरच्या मुलाने फॉर्म बघितला. पाठवणारा परेरा, सामान परेराचं. त्याने वर बघून विचारलं, "सर, ब्रदर?"

जेनिस माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. 'नाही' म्हणायला वेळ होता, चांगला भरपूर.

मी म्हटलं, "हो. धाकटा."